पाण्यातला स्फोट आणि नौसैनिकांच्या दुखापती: अंगावर ओरखडाही नसलेला रुग्ण

डोलकाठी (धागाकर्ता)

६ जून १९४२, मिडवेची लढाई. 'यॉर्कटाऊन' ही जायबंदी विमानवाहू नौका वाचवायची धडपड चालू होती आणि तिला वीज व पंप पुरवण्यासाठी 'हॅमन' ही अमेरिकन विनाशिका तिला खेटून उभी होती. जपानी पाणबुडी 'आय-१६८' चे टॉर्पेडो आले, हॅमनचं कंबरडं मोडलं आणि चार मिनिटांत ती तळाला निघाली. बरेच खलाशी तोवर पाण्यात उतरून जहाजापासून दूर जायला लागले होते. मग पाण्याखाली प्रचंड स्फोट झाला आणि पोहणाऱ्यांपैकी अनेक जण त्यातच गेले. हॅमनवरचेच डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे, ठरलेल्या खोलीवर फुटणारे बॉम्ब) फुटले की टॉर्पेडो, यावर आजही एकमत नाही.

असा हा एकच प्रसंग नाही. ३१ ऑक्टोबर १९४१ ला 'यू-५५२' या जर्मन पाणबुडीने 'रूबेन जेम्स' बुडवली. तिचा मागचा भाग बुडताना त्यावरचे डेप्थ चार्ज फुटले आणि वाचलेली माणसं पाण्यात मेली. जुलै १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ कुला आखातात 'स्ट्राँग' बुडाली, तेव्हाही तेच झालं. २१ ऑक्टोबर १९६७ ला पोर्ट सईदसमोर इजिप्तच्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी इस्रायलची 'एलात' बुडवली. त्यातलं शेवटचं क्षेपणास्त्र माणसं पाण्यात असताना जवळच फुटलं. त्या जखमींवरच्या शस्त्रक्रियांमधून छाती आणि पोटाच्या या दुखापतींची तपशीलवार वर्णनं वैद्यकीय साहित्यात आली.

हा धागा काढण्याचं कारण एवढंच, की आपल्याकडे बॉम्बस्फोटाच्या जखमा म्हटलं की डोळ्यांसमोर छर्रे, भाजणं आणि तुटलेले हातपाय येतात. पाण्यातल्या स्फोटात यातलं जवळपास काहीच नसतं. माणूस स्वतःच्या हाताने दोर पकडून बोटीवर चढतो, चहा मागतो आणि दोन दिवसांनी पोट फुगून मरतो. हे का होतं, कसं ओळखायचं आणि काय करायचं, यावर जाणकारांनी लिहावं.

त्रिज्या

भौतिकशास्त्राची बाजू मी मांडते.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आणि जवळपास न दाबलं जाणारं. हवेतला स्फोट आपली बरीच ऊर्जा आजूबाजूची हवा दाबण्यात आणि तापवण्यात घालवतो. पाण्यात ती सोय नाही, म्हणून दाबलहर सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने लांबवर जोरकस पोचते. टीएनटी या स्फोटकासाठी वापरलं जाणारं सूत्र असं: शिखरदाब (मेगापास्कलमध्ये) = ५२.४ × (वजनाचं घनमूळ ÷ अंतर) चा १.१३ वा घात. वजन किलोत, अंतर मीटरमध्ये.

त्या काळातल्या अमेरिकन मार्क-६ डेप्थ चार्जमध्ये ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो टीएनटी असे. आकडे घालून पाहा:

५० मीटरवर सुमारे ४ मेगापास्कल (४० वातावरणं, ५८० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ५८० पौंड)
१०० मीटरवर १.८ मेगापास्कल
२०० मीटरवर ०.८४ मेगापास्कल
५०० मीटरवर ०.३ मेगापास्कल

तेवढाच स्फोट जमिनीवर झाला तर ५० मीटरवर जादा दाब एका वातावरणाच्या पाव भागाइतकाही भरत नाही. तिथे कानाचा पडदासुद्धा बहुधा शाबूत राहील. पाण्यात त्याच अंतरावर जीव जाऊ शकतो.

अमेरिकन नौदलाच्या डायव्हिंग मॅन्युअलमधले टप्पे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००० पीएसआयच्या वर मृत्यू अटळ, ५०० पीएसआयला फुप्फुस आणि आतड्याला इजा होते आणि ती जीवघेणीही ठरू शकते, आणि पाण्यात राहावंच लागलं तर ५० पीएसआयच्या आत राहा. १३६ किलोसाठी वरच्या सूत्राने ही अंतरं अनुक्रमे १७, ५७ आणि ४४० मीटर येतात. अंगात कपडे, गळ्यात जाकीट, पाण्यावर तेलाचा थर. अशा अवस्थेत माणूस सेकंदाला अर्धा मीटर सरकला तरी पुष्कळ. म्हणजे ५७ मीटर जायला जवळपास दोन मिनिटं आणि ४४० मीटरला पंधरा.

वैशाख

त्रिज्याताई, एक शंका. स्फोट खाली होणार असेल तर पृष्ठभागावर राहणं बरं की बुडी मारून लाटेला वरून जाऊ देणं? सिनेमांत तर सगळे खाली सूर मारतात.

त्रिज्या

बुडी अजिबात मारायची नाही. या प्रश्नातच सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दाबलहर खालून येऊन पृष्ठभागाला धडकली की तिथे वर हवा असल्यामुळे ती उलटी होऊन, म्हणजे ताणलहर बनून परत फिरते. ही ताणलहर मूळ दाबाला कापून टाकते. पृष्ठभागाला जितके जवळ असाल तितकी ती लवकर पोचते आणि दाब तुमच्यावर तितका कमी वेळ टिकतो. शिखरदाब तोच राहतो, पण आवेग, म्हणजे दाब गुणिले वेळ, घटतो. इजा ठरवताना पृष्ठभागाजवळ नुसता शिखरदाब पाहून भागत नाही ते यामुळेच.

१३६ किलोचा चार्ज १५ मीटर खोलीवर फुटला आणि माणूस ६० मीटर दूर आहे असं धरू. दोन वाटांमधला फरक साधारण २ × १५ × माणसाची खोली ÷ ६०. जाकिटावर उभ्याने तरंगणाऱ्या माणसाची छाती पाण्याखाली सरासरी २० सेंमी धरली तर दाब टिकतो ०.०७ मिलिसेकंद. पोट ६० सेंमीवर, तिथे ०.२ मिलिसेकंद. आणि तोच माणूस बुडी मारून ३ मीटरवर गेला तर पूर्ण १ मिलिसेकंद. या अंतरावर लहरीचा स्वतःचा ओसरण्याचा काळ पाऊण मिलिसेकंदाच्या आसपास असतो. म्हणजे छातीला संपूर्ण आवेगाच्या ८ टक्के, पोटाला २३ टक्के आणि बुडी मारणाऱ्याला ७३ टक्के मिळतो.

हा आदर्श पाण्यातला हिशेब आहे. तळ खडकाळ असेल तर तिथून परतणारी लहर दाबाचीच असते आणि ती मूळ लहरीत भर घालते. बंदरात धक्क्याच्या भिंतीही तेच करतात. शिवाय स्फोटातल्या वायूचा बुडबुडा फुगतो, आकसतो आणि प्रत्येक आकसण्यासरशी नवा, कमी जोराचा धक्का देतो. पहिला धक्का बसला म्हणजे संपलं असं नाही.

शल्या

त्रिज्याने छाती आणि पोटाचा जो फरक दाखवला, तोच शस्त्रक्रियेच्या टेबलावर दिसतो. जहाज सोडून पाण्यात तरंगणाऱ्यांमध्ये पोटाच्या इजा ठळक असतात. पूर्ण पाण्याखाली असलेल्या पाणबुड्यामध्ये (डायव्हरमध्ये) फुप्फुस, कान, सायनस आणि मेंदू यांच्याही इजा सापडतात.

शरीरातली मऊ ऊतकं घनतेने पाण्यासारखीच, त्यामुळे लहर त्वचा, स्नायू, यकृत यांतून फारसा त्रास न देता पार होते. म्हणून बाहेर खूण नसते. जिथे ऊतक संपून वायू सुरू होतो तिथे ती फुटते आणि अस्तर फाडते. आतड्यातला वायू क्षणात दाबला जातो आणि लगेच उसळून फुगतो. वायू कुठे जास्त? मोठ्या आतड्यात, विशेषतः उंडुकाशी (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीशी), आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. तिथेच रक्ताचे डाग आणि भोकं सापडतात.

पाण्यातून काढलेल्या माणसाला हे प्रश्न विचाराच:

स्फोटाच्या क्षणी पोटात लाथ बसल्यासारखं किंवा विजेचा झटका बसल्यासारखं वाटलं का?
वृषणात कळ आली का?
एकदम शौचाला लागल्यासारखं झालं का, झाली असेल तर रक्त होतं का?
पाय काही वेळ बधिर किंवा लुळे पडले होते का?
डोकं पाण्यात होतं की बाहेर? उभे होतात, पालथे की उताणे?

शेवटचा प्रश्न हमखास राहतो, आणि तोच सगळ्यात मोलाचा. कॅज्युअल्टीत स्फोटाचा रुग्ण आला की कानात दुर्बीण घालून पडदा शाबूत दिसला म्हणजे बाकी इजा नाही, असं मानायची सवय घातक आहे. पाण्यात डोकं वर असेल तर कानाने तो दाब पाहिलेलाच नसतो. पडदा धडधाकट आणि उंडुक फाटलेलं, हे शक्य आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. आतड्याच्या भिंतीतला रक्ताचा डाग पहिल्या दिवशी भोक नसतो. तिथला रक्तपुरवठा बंद पडून भिंत मरते आणि २४ ते ४८ तासांनी, कधी आणखी काही दिवसांनी ती फुटते. पहिलं सीटी स्कॅन स्वच्छ आलं म्हणून घरी सोडू नका. किमान ४८ तास दाखल ठेवा, सुरुवातीला दर दोन ते चार तासांनी, आणि शक्यतो एकाच डॉक्टरने, पोट तपासा. नाडीचा वेग चढत जाणं, पोट कडक होणं, ताप, यांतलं काहीही आलं तर सीटी पुन्हा. सोनोग्राफीत पोटातलं रक्त कळेल, आतड्याचं भोक त्यावर विसंबून नाकारता येत नाही.

पोट उघडलंच तर लहान आतड्याच्या सुरुवातीपासून गुदाशयापर्यंत इंच न् इंच हातातून काढा, आंत्रबंधाच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) कडेसह. डाग दिसले तर कोणते ठेवायचे आणि कोणते कापायचे? डुकरांवरच्या प्रयोगांतून आलेला एक व्यवहारी निकष आहे: लहान आतड्यावर १५ मिमीपेक्षा आणि मोठ्या आतड्यावर २० मिमीपेक्षा मोठा डाग पुढे फुटण्याचा धोका बाळगतो, तो भाग काढावा.

वैशाख

आणि जहाजाचं तेल पोटात गेलेलं असेल तर?

शल्या

तेच तर गोंधळात टाकतं. इंधनतेल गिळलं की उलट्या आणि पोटात कळा येतात, फुप्फुसात गेलं किंवा समुद्राचं पाणी गेलं की एक्सरेवर डाग येतात. सगळं खापर तेलावर फोडून स्फोटाची इजा निसटते. स्फोट झाला होता हे ठाऊक असेल तर आधी स्फोट धरून चाला, तेल नंतर. उलटी मात्र मुद्दाम काढायची नाही.

मानिनी_भूल

शल्या मॅडमनी पोट घेतलं, मी बोटीवरचा पहिला तास आणि फुप्फुस घेते.

उचलताना शक्यतो आडवंच उचला. बराच वेळ गार पाण्यात असलेल्या माणसाला उभा ओढला की रक्तदाब कोसळू शकतो. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा. आणि त्याला चालू देऊ नका, कितीही ठणठणीत दिसला तरी. स्फोटाने दुखावलेल्या फुप्फुसावर श्रमाचा भार पडला की रक्तस्राव आणि दम वाढतो, हे दुसऱ्या महायुद्धातच ध्यानात आलं होतं. वाचलेल्यांना लगेच कामाला जुंपणं किंवा शिडी चढायला लावणं इथेच नडतं.

तोंडाने काहीही नाही. एनबीएम. चहा, रम, पाणी, काही नाही. हे पाळणं बोटीवर सगळ्यात अवघड जातं, कारण गारठलेल्याला गरम द्यायची माणसाची पहिली ओढ असते.

ऑक्सिजन १० ते १५ लिटर, पिशवीवाल्या मास्कने. एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) दर पंधरा मिनिटांनी लिहून ठेवा. खोकल्यात रक्त, छातीत दुखणं, आकडा घसरणं, यातलं काही असेल तर एक्सरे. दोन्ही बाजूंना फुप्फुसाच्या मुळाभोवती फुलपाखराच्या आकाराचा पांढुरका डाग ही जुनी ओळखीची खूण. न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) शोधा.

नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यायची वेळ शक्य तितकी टाळा, कारण दाबाने ढकललेली हवा फाटलेल्या वायुकोशातून थेट रक्तात शिरू शकते. घ्यावंच लागलं तर आदर्श वजनाच्या किलोमागे ६ मिलि, प्लॅटो दाब (श्वास भरून क्षणभर थांबवल्यावर मोजलेला दाब) ३० सेंमी पाण्याच्या आत, आणि आयसीडीचा (छातीतली हवा काढायच्या नळीचा) संच उघडून शेजारी. भूल देताना नायट्रस ऑक्साइड वर्ज्य. तो बंदिस्त वायू फुगवतो.

एकाएकी बेशुद्धी, झटके, अर्धांग किंवा छातीत कळ आली तर रक्तवाहिनीत हवा गेली असं समजा. आडवा ठेवून १०० टक्के ऑक्सिजन द्या आणि रिकॉम्प्रेशन चेंबर (दाब वाढवून उपचार करायची बंद खोली) गाठा. अमेरिकन नौदलाचं टेबल ६ त्यासाठी वापरतात: १८ मीटर खोलीइतका दाब, शुद्ध ऑक्सिजन, मधेमधे साध्या हवेच्या विश्रांत्यांसह पावणेपाच तास. पण न्यूमोथोरॅक्स असेल तर चेंबरमध्ये नेण्याआधी आयसीडी घातलीच पाहिजे. नाहीतर दाब उतरवताना छातीतली हवा फुगते आणि बंद चेंबरात पंचाईत होते.

सलाइनचा तोल अवघड आहे. फुप्फुस म्हणतं कमी द्या, रक्तस्राव होणारं पोट म्हणतं जास्त. लिटरवर लिटर ओतू नका. २५० मिलिचे छोटे हप्ते द्या, प्रत्येक हप्त्यानंतर नाडी, रक्तदाब आणि श्वास पाहा. रक्त जातंय असं वाटलं तर रक्तच द्या.

हवाई वाहतुकीतलं एक राहून जातं. केबिनचा दाब ८००० फुटांइतका असेल तर छातीतला किंवा आतड्यातला बंद वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. आधी रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी), गरज असेल तिथे आयसीडी, आणि हेलिकॉप्टरला शक्य तितकं खालून उडायला सांगणं.

बुडी

पाणबुड्यांची बाजू. सुरुंग निकामी करणारे, जहाजाचा तळ तपासणारे, घातपाती पोहणारे, या सगळ्यांना इजा व्हायला डेप्थ चार्जएवढा मोठा स्फोट लागतच नाही. जिब्राल्टरच्या बंदरात इटालियन पाणबुडे जहाजांच्या तळाला स्फोटकं लावायला येत, म्हणून ब्रिटिश गस्ती बोटी पाण्यात छोटे चार्ज टाकत फिरायच्या. डिसेंबर १९४२ मध्ये लिचो विझिंतिनी आणि जोव्हान्नी माग्रो हे दोघे अशाच स्फोटांत गेले. त्रिज्याच्या सूत्रात अडीच किलो टीएनटी घाला: ५०० पीएसआय १५ मीटरवर, आणि ५० पीएसआय थेट ११५ मीटरवर. पाण्याखाली १५ मीटरवरचं काही दिसेल याची बहुतेक बंदरांत खात्री नसते.

स्फोट होणार हे माहीत असेल तर नियम एकच: पाण्याबाहेर या. कोणत्याही नियोजित स्फोटाआधी सगळे पाणबुडे वर आल्याची मोजणी करूनच पुढे जायचं. येणं शक्यच नसेल तर पाय स्फोटाच्या दिशेला, डोकं विरुद्ध, डोकं आणि छातीचा वरचा भाग पाण्याबाहेर, किंवा उताणं तरंगायचं. उताणं झाल्याने पोट ६० सेंमीवरून १०-१५ सेंमीवर येतं. वरचं गणित पाहिलंत तर हा फरक किती मोठा ते कळेल. फळी, तराफा, उलटलेली होडी, जे मिळेल त्यावर धड चढवा, पाय पाण्यात राहिले तरी चालतील.

खोलीवर असताना धक्का बसलेल्या पाणबुड्याची अडचण दुहेरी असते. वर आणताना छातीतला सुटा वायू फुगतो, आणि घाईने वर काढला तर डीकम्प्रेशनचे टप्पे (वर येताना ठरावीक खोलीवर थांबणं) चुकतात. नेहमीच्या वेगाने, श्वास न रोखता, जोडीदाराने धरून वर आणायचं आणि पाण्यावर येताक्षणी ऑक्सिजन. चुकलेले टप्पे भरून काढायला पुन्हा पाण्यात उतरवायचं नाही, ते काम चेंबरचं. म्हणून चेंबरला स्फोटाची आणि डाइव्हची, दोन्ही माहिती एकदमच द्या: खोली, तळावरचा वेळ, वायूचं मिश्रण. आपल्याकडे मुंबईत कुलाब्याला आयएनएचएस अश्विनीच्या आवारात नौदलाची इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिन आहे, सागरी वैद्यकशास्त्राचं प्रशिक्षण तिथे होतं.

वैशाख

डोलकाठी साहेब, जहाज सोडताना डेप्थ चार्ज 'सेफ' करून का ठेवत नव्हते?

डोलकाठी

करायचे, आदेशही तोच असे. अडचण यंत्रणेत आणि वेळेत होती. चार्जमधलं पिस्तूल (स्फोट घडवणारी कळ) पाण्याच्या दाबावर चालतं. पाणी आत शिरतं, दाबाने घडीची नळी स्प्रिंगविरुद्ध सरकते आणि ठरलेल्या खोलीला घोडा सुटतो. मार्क-६ वर ही खोली ३० फुटांपासून ३०० फुटांपर्यंत लावता येई. पाणबुडीच्या शोधात असलेल्या विनाशिकेला चार्ज लावून तयार ठेवावेच लागत, आणि टॉर्पेडो बसतो तो नेमका अशाच वेळी. चार्जचे रॅक अगदी मागच्या टोकाला. मधोमध तुटलेल्या, अंधारात कललेल्या डेकवरून तिथे पोचून एकेका पिस्तुलाची तबकडी 'सेफ'वर फिरवायची, तेही दोन-चार मिनिटांत. शिवाय मागचा भाग बऱ्याचदा शेवटी बुडतो, म्हणून माणसं त्याच्याच आसपास पाण्यात उतरतात. आणि टोक पाण्याखाली गेलं की ३० किंवा ५० फूट गाठायला काही सेकंद पुरतात. हॅमनवर चार्ज 'सेफ' असल्याची तपासणी झाली होती असंही नोंदवलेलं आहे, म्हणून तर तिथल्या स्फोटाच्या कारणावर वाद आहे.

वैशाख

शेवटचं. नौदल सोडून, धरणात किंवा खाडीत जिलेटिनचे तोटे फोडून मासे मारतात, तिथे पाण्यात असलेल्या माणसालाही हे सगळं लागू होतं का?

शल्या

तंतोतंत. मुळात १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटकं वापरून मासे मारणं गुन्हा आहे, म्हणून असा रुग्ण आला की नातेवाईक खरं सांगत नाहीत. 'पोहताना पोटात दुखायला लागलं' एवढंच सांगतात. पोहायला गेलेला तरुण, अंगावर जखम नाही, पोट दुखतंय, शौचाला रक्त, ही गोष्ट जुळली की शांतपणे, पोलिसांचं नाव न काढता, पाण्यात आवाज झाला होता का एवढं विचारा. उत्तर हो असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची कायदेशीर नोंद) करणं आलंच, पण त्याआधी एनबीएम, ऑक्सिजन, छातीचा उभ्याने एक्सरे आणि सर्जनला फोन. ग्रामीण रुग्णालयात सीटी नसेल तर पोट बिघडायची वाट पाहू नका, पहिल्याच दिवशी वर पाठवा. चिठ्ठीवर 'पोटदुखी' लिहू नका. 'पाण्यातील स्फोट, अमुक वाजता, पोट पाण्याखाली, डोकं बाहेर' असं लिहा.

मानिनी_भूल

शल्या मॅडमना एक जोड. कानाचा पडदा फाटलेला सापडला तर त्यात थेंब घालू नका, धुऊ नका, कोरडा ठेवा. लहान भोकं बहुतेक आपोआप भरतात. पडदा भरल्याचं कानाच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय पुन्हा पाण्यात नाही. आणि ज्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती त्याला सीटी आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी झाल्याशिवाय पाणबुड्याचं काम द्यायचं नाही, तो स्वतः कितीही मागे लागला तरी.